मायकेल फॅराडे : सुई न हललेल्या दिवसांचा सोबती



स्मरणिकेसाठी प्रत्येकाने आपापल्या कामाविषयी लिहावे, असा संपादक मंडळाचा निरोप आला. आपल्या वर्गातले कोणी डॉक्टर झाले, कोणी बँकेत गेले, कोणी घरची शेती सांभाळली, दोघी-तिघी पुढे शिक्षिका झाल्या. तुमच्या कामाला रोजचा काहीतरी शेवट असतो. रोगी बरा होतो, हिशेब जुळतो, तास संपल्याची घंटा होते. मी मात्र गेली ३३ वर्षे एका प्रयोगशाळेत धातू का गंजतात आणि ते गंजू नयेत म्हणून काय करावे, याच्या मागे आहे. दिवसभर तू नक्की करतोस तरी काय, हा प्रश्न तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला लग्नकार्यात गाठून विचारलेला आहे. खरे सांगायचे तर अर्धा दिवस बिघडलेले यंत्र दुरुस्त करण्यात जातो आणि उरलेला अर्धा दिवस, दुरुस्त झालेल्या यंत्रावर काहीच घडत नाही हे पाहण्यात जातो. एवढ्यावर चार पाने कशी भरणार?

म्हणून मी माझ्याऐवजी मायकेल फॅराडेविषयी लिहितो आहे. नाव तुमच्या कानावरून गेलेले आहे. विद्युत चुंबकीय प्रवर्तनाच्या धड्यात तो आपल्याला भेटला होता. परीक्षेच्या वर्गात आपण सगळे अंगठा आणि दोन बोटे तीन दिशांना ताणून बसलो होतो ते फ्लेमिंगच्या नियमासाठी. पण त्यामागचा मूळ शोध फॅराडेचा. पुस्तकात त्याच्या वाट्याला चार ओळी होत्या आणि त्या चारही ओळी यशाच्या होत्या. त्याचे अपयश मला नोकरी लागल्यावर, त्याच्या नोंदवह्या वाचू लागलो तेव्हा कळले. तेव्हापासून तो माझ्या सोबतीला आहे. इतक्या जुन्या ओळखीमुळे मी त्याला एकेरीत संबोधतो, त्याबद्दल सरांनी रागावू नये.

फॅराडेचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनच्या दक्षिणेकडील न्यूइंग्टन भागात झाला. वडील लोहार, त्यातही सतत आजारी. १८०१ साली धान्य कडाडले तेव्हा त्याच्या वाट्याला आठवड्याला एक पाव येई आणि तोच सात दिवस पुरवावा लागे. शाळा म्हणाल तर लिहिणे, वाचणे आणि जुजबी अंकगणित. तेराव्या वर्षी तो जॉर्ज रीबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे घरोघर वर्तमानपत्रे पोचवू लागला आणि वर्षभराने त्याच दुकानात पुस्तकबांधणी शिकायला राहिला. उमेदवारी सात वर्षांची होती.

बांधणीला आलेली पुस्तके तो नुसती शिवत नसे, वाचतही असे. विश्वकोशाच्या एका खंडात त्याला विजेवरचा लेख सापडला. जेन मार्सेट नावाच्या बाईंनी संवादरूपाने लिहिलेले रसायनशास्त्राचे पुस्तक त्याच्या हाती आले. त्यात लिहिलेले खरे आहे का, हे त्याने खिशाला परवडेल तेवढे सामान आणून स्वतः पडताळून पाहिले आणि ते खरे निघाल्यावर त्या बाईंचे उपकार जन्मभर मानले. गावात विज्ञानावर व्याख्याने होत. प्रत्येकाला एक शिलिंग लागे. ते शिलिंग त्याचा थोरला भाऊ देई, जो स्वतः लोहारकाम करत होता. कुटुंबातल्या एकाने शिकावे म्हणून दुसऱ्याने भात्यापाशी उभे राहावे, हे आपल्या वर्गातल्या काही घरांतही घडलेले आहे. ज्यांच्या घरी घडले त्यांना ते सांगायला नको.

१८१२ साली दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेत होणाऱ्या हम्फ्री डेव्हीच्या चार व्याख्यानांची तिकिटे दिली. डेव्ही तेव्हाचा नामवंत रसायनशास्त्रज्ञ. फॅराडेने टिपणे काढली, घरी येऊन ती सविस्तर लिहिली, आकृत्या काढल्या, सगळे स्वतःच्या हाताने बांधले आणि ते पुस्तक डेव्हीकडे पाठवून दिले. डेव्हीने आधी त्याला हाती असलेला धंदा न सोडण्याचाच सल्ला दिला. पण पुढे काही महिन्यांनी प्रयोगशाळेतल्या मदतनीसाने तिथेच मारामारी केली, त्याची नोकरी गेली आणि १ मार्च १८१३ रोजी ती जागा फॅराडेला मिळाली. पगार आठवड्याला २५ शिलिंग, वर राहायला दोन खोल्या, शेगडीला कोळसा आणि मेणबत्त्या. पहिल्याच महिन्या-दीड महिन्यात नायट्रोजन आणि क्लोरीनचे एक भयंकर स्फोटक संयुग त्याच्या बोटांच्या चिमटीत फुटले आणि नखाचा तुकडा उडाला. प्रयोगशाळेने त्याचे स्वागत असे केले.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डेव्ही पत्नीसह युरोपच्या दौऱ्यावर निघाला. ऐनवेळी नोकराने येण्याचे नाकारले, तेव्हा मदतनीस म्हणून निघालेल्या फॅराडेला नोकराचेही काम करावे लागले. डेव्हीची बायको त्याला नोकरांच्या पंगतीत जेवायला बसवी. मन इतके दुखावले की सगळे सोडून परत जावे असे त्याला वाटे. गेला नाही, कारण याच दीड वर्षात त्याने पॅरिसला अँपिअर पाहिला, मिलानला म्हातारा व्होल्टा पाहिला आणि फ्लॉरेन्सला मोठ्या भिंगाने सूर्यकिरण एकवटून हिरा जाळून दाखवलेला पाहिला. अपमान आणि शिक्षण एकाच ताटात वाढले गेले होते. त्याने ताट सारले नाही.

आता त्याच्या रोजच्या दिवसाविषयी. १८२१ मध्ये त्याचे सारा बर्नार्डशी लग्न झाले. दोघे त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहत आणि प्रयोगशाळा तळघरात होती. म्हणजे कामाला जायचे तर जिने उतरायचे. पुढची चाळीस वर्षे तो हे जिने चढत-उतरत राहिला. त्यांना मूल झाले नाही, पण भाच्या घरात असत. एक भाची लहानपणी तळघरात शिवणकाम घेऊन गुपचूप बसे. मामा कामात बुडालेला असे, पण मधूनच मान डोलावून तिच्याकडे पाही आणि तिची करमणूक म्हणून पाण्यात पोटॅशियमचा तुकडा टाकी. तो जांभळ्या ज्वाळेने पेटत पाण्यावर पळे. मुलांना प्रयोगशाळेत येऊ देऊ नये, असा नियम तेव्हा झालेला नव्हता.

मदतीला होता चार्ल्स अँडरसन, तोफखान्यातून निवृत्त झालेला सार्जंट. मोठ्या संशोधकाच्या मदतीला सहायकांचे पथक असते, असे आपल्याला वाटते. फॅराडेला जवळजवळ चाळीस वर्षे हा एकच माणूस होता. सांगितले तेवढे करायचे, अक्षरशः तेवढेच, ही त्याची शिस्त. एकदा भट्टी पेटती ठेवायला सांगून फॅराडे त्याला घरी जा म्हणायला विसरला आणि सकाळी उतरून पाहतो तो अँडरसन अजून कोळसा घालतोच आहे, अशी गोष्ट सांगतात. आमच्या प्रयोगशाळेत काचकाम करणारे एक गृहस्थ होते. त्यांनी ओढून दिलेल्या नळ्यांशिवाय माझा एकही प्रयोग झाला नसता आणि माझ्या एकाही शोधनिबंधावर त्यांचे नाव नाही, कारण तशी रीतच नाही. फॅराडेने आपल्या छापील लेखनात अँडरसनच्या मदतीबद्दल आभार मानलेले वाचले तेव्हा मला बरे वाटले.

ही अँडरसनची नेमणूक ज्या कामासाठी झाली, ते काम म्हणजे फॅराडेच्या आयुष्यातला सर्वांत कंटाळवाणा काळ. दुर्बिणींसाठी चांगली भिंगे हवी होती. इंग्लंडमध्ये बनणाऱ्या काचेत रेघा आणि बुडबुडे राहत. १८२५ मध्ये यासाठी एक समिती झाली आणि काच करून पाहण्याचे ओझे फॅराडेवर आले. त्याने संस्थेतच भट्टी बांधवली. शिसे, बोरॉन आणि वाळू यांचे मिश्रण प्लॅटिनमच्या तबकात वितळवायचे, ढवळायचे, सावकाश थंड करायचे आणि उजेडात धरून पाहायचे. कधी रेघ, कधी बुडबुडा, कधी रंग. पुन्हा वितळवायचे. अशी पाच वर्षे गेली. ऐन उमेदीची, चौतीस ते एकोणचाळीस वयाची पाच वर्षे. दुर्बिणीच्या कामाला येईल असे त्यातून काही निघाले नाही. १८३० नंतर त्याने ते काम सोडून दिले. उरलेल्या जड काचेचे काही तुकडे तेवढे जपून ठेवले. हे तुकडे लक्षात ठेवा, ते पुढे येणार आहेत.

दुसरे दुखणे मानाचे. सप्टेंबर १८२१ मध्ये त्याने पाऱ्याच्या वाटीत चुंबक ठेवून, वीज वाहणारी तार त्याच्याभोवती सतत फिरत ठेवली. आपल्या घरच्या पंख्याचा हा मूळपुरुष. धाकटा मेव्हणा तेव्हा तिथे होता. फॅराडे आनंदाने टेबलाभोवती नाचला आणि संध्याकाळी त्याला घोड्यांची सर्कस दाखवायला घेऊन गेला, असे त्या मेव्हण्यानेच पुढे सांगितले. पण निबंध छापून येताच कुजबुज सुरू झाली की ही कल्पना वुलस्टन या ज्येष्ठ शास्त्रज्ञाची आहे आणि या बाइंडरच्या पोराने ती उचलली. पुढे रॉयल सोसायटीच्या सभासदत्वासाठी त्याचे नाव सुचवले गेले तेव्हा अध्यक्ष असलेल्या डेव्हीनेच विरोध केला. जानेवारी १८२४ मध्ये मतदान झाले आणि एकच मत विरोधात पडले. फॅराडेने डेव्हीविषयी पुढेही कधी वावगे लिहिले नाही.

आता आपल्या धड्यातला प्रयोग. विजेने चुंबकत्व निर्माण होते, हे १८२० मध्ये ओर्स्टेडने दाखवले होते. मग चुंबकाने वीज का निर्माण होऊ नये? फॅराडेने १८२५ मध्ये करून पाहिले, १८२८ मध्ये करून पाहिले. गॅल्व्हनोमीटरची सुई ढिम्म. त्याने वहीत तसे लिहून ठेवले आणि पुढे गेला. त्याच सुमारास जिनिव्हामध्ये कोलादों नावाचा तरुण हाच प्रयोग करत होता. मोठ्या चुंबकाचा सुईवर परिणाम होऊ नये म्हणून त्याने गॅल्व्हनोमीटर दुसऱ्या खोलीत ठेवला. चुंबक वेटोळ्यात घालायचा आणि चालत दुसऱ्या खोलीत जाऊन सुई बघायची. तो पोचेपर्यंत सुई हलून पुन्हा जागेवर आलेली असे. शोध त्याच्या घरी येऊन, दार वाजवून परत जात होता.

सगळे जण अडले होते ते एकाच ठिकाणी. वीज सतत वाहते, तर तिचा परिणामही सतत दिसला पाहिजे, असे सगळे धरून चालले होते. २९ ऑगस्ट १८३१ रोजी फॅराडेने सहा इंच व्यासाचे लोखंडी कडे घेतले. त्याच्या एका बाजूला तारेचे वेढे, मध्ये सुतळी आणि सुती कापड घालून, आणि समोरच्या बाजूला दुसरे वेढे. पहिल्या वेढ्यांना बॅटरी जोडली. दुसऱ्या बाजूची सुई क्षणभर हलली आणि थांबली. बॅटरी काढली, पुन्हा क्षणभर हलली, उलट दिशेला. चालू असलेल्या प्रवाहात काही नव्हते, जे होते ते बदलात होते. १७ ऑक्टोबरला त्याने पोकळ वेटोळ्यात साधा चुंबक आत-बाहेर करून सुई हलवली. तोच प्रयोग सरांनी आपल्याला कुलूपबंद कपाटातला एकमेव गॅल्व्हनोमीटर काढून दाखवला होता आणि मागच्या बाकांवरच्यांना पुढच्यांच्या डोक्यांशिवाय काही दिसले नव्हते. आपल्या घरात येणारी वीज, मग ती कोयनेच्या पाण्याची असो की कोराडीच्या कोळशाची, वेटोळे आणि चुंबक एकमेकांजवळ फिरवूनच तयार होते.

त्या एका क्षणासाठी सहा-सात वर्षे न हललेली सुई त्याने वहीत नोंदवून ठेवली होती. या वह्यांविषयी मला सांगितलेच पाहिजे. १८३२ पासून त्याने आपल्या नोंदींतल्या परिच्छेदांना क्रमांक द्यायला सुरुवात केली. १८६० मध्ये हा क्रमांक १६,०४१ पर्यंत पोचला. यशाची नोंद आणि अपयशाची नोंद, दोन्हींना सारखाच क्रमांक. डोक्यात आलेली कल्पनाही तो चिठ्ठीवर टिपून ठेवी आणि करून पाहिली की निकाल लिही. पुढे १९३२ ते १९३६ या काळात या वह्या सात खंडांत छापल्या गेल्या. मी त्या सलग वाचल्या नाहीत, पण कामात फार निराश झालो की कोणताही खंड कुठेही उघडतो. बहुतेक पानांवर काहीतरी झालेले नसते.

माझ्या कपाटात अशा चाळीसएक वह्या आहेत. पुढच्या वर्षी मी निवृत्त होईन आणि कपाट रिकामे करायचे आहे. छापून आले ते सगळे तीन वह्यांत बसेल. बाकीच्या वह्यांत न चिकटलेले लेप, तडकलेली विद्युतद्वारे, ऐन मोजणीत गेलेली वीज आणि पुन्हा पहिल्यापासून. या धातूवर हे चालत नाही, एवढेच त्यात लिहिलेले आहे. रद्दीत द्याव्यात की ठेवाव्यात, हा प्रश्न घरी आणि कामावर दोन्हीकडे विचारला जातो. वरवर हा जागेचा प्रश्न आहे. पण आयुष्याचा मोठा भाग ज्यात गेला, ते काही होते की नव्हते, असा तो मला रात्री ऐकू येतो. तुमच्यापैकी जे निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहेत त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

फॅराडेला हा प्रश्न फार लवकर आणि फार क्रूर रीतीने पडला. १८३० ते १८४० या दशकात त्याने अफाट काम केले. विद्युत अपघटनाचे नियम मांडले. केंब्रिजच्या विल्यम ह्यूएलच्या मदतीने इलेक्ट्रोड, अॅनोड, कॅथोड, आयन हे शब्द रूढ केले. माझी भाकरी याच चार शब्दांवर चालते. बारा फूट लांबी-रुंदी-उंचीचा पिंजरा करून, बाहेरून ठिणग्या उडत असताना स्वतः आत जाऊन बसला आणि आत विजेचा मागमूस नसतो हे दाखवले. कारखानदारांसाठी रसायने तपासून तो वर्षाला हजार पौंडांवर मिळवत होता, ते संशोधनाला वेळ मिळावा म्हणून त्याने जवळजवळ बंद केले. आणि मग १८४० च्या सुमारास, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या-एकोणपन्नासाव्या वर्षी, त्याला चक्कर येऊ लागली, डोके दुखू लागले आणि स्मरणशक्ती दगा देऊ लागली. काल काय केले ते आज आठवेना. संशोधन थांबवावे लागले.

१८४१ च्या उन्हाळ्यात साराने आणि तिच्या भावाने त्याला स्वित्झर्लंडला नेले. गंमत अशी की डोके थकले होते, पाय नाहीत. एका दिवशी तो डोंगरखिंड ओलांडून साडेदहा तासांत ४५ मैल चालला. इंटरलाकेनला खिळे ठोकणाऱ्या लोहाराचे दुकान दिसले तर तो तिथे रमला. वडील लोहार होते, हे त्याने दैनंदिनीत आवर्जून लिहिले. डोंगरावर वादळ आले की तो पाहत उभा राही. लंडनलाही विजा चमकू लागल्या की तो खिडकीशी जाई. बरे व्हायला वेळ लागला, आणि स्मृती पूर्वीसारखी कधीच झाली नाही. पण क्रमांक घातलेल्या वह्या होत्या. जे डोक्यात राहत नव्हते ते कागदावर होते. यापुढचे सगळे काम त्याने या कागदी स्मृतीच्या आधाराने केले.

त्याचे छंदही मोठे गोड होते. पेडलवाली सायकल यायच्या आधीची, पायाने ढकलायची एक गाडी त्याच्याकडे होती. ती तो संस्थेच्या व्याख्यानगृहाभोवतीच्या वाटेत फिरवी आणि कधी हॅम्पस्टेडच्या चढापर्यंत नेई. प्राणिसंग्रहालयात माकडांच्या लीला पाहून त्याच्या डोळ्यांत हसून हसून पाणी येई. रस्त्यावर कळसूत्री बाहुल्यांचा खेळ लागला की हा शास्त्रज्ञ पोरांत उभा. समकालीन शास्त्रज्ञांची चित्रे आणि पत्रे जमवून तो वहीत चिकटवी. मेजवान्यांची आमंत्रणे मात्र तो टाळी. दिवसाचे तास मोजके आहेत आणि ते कुठे खर्च करायचे, हे त्याने ठरवून टाकले होते. मी रविवारी जुने रेडिओ दुरुस्त करतो. घरचे हसतात. पण आठवडाभर काहीच न चाललेल्या माणसाला रविवारी एक तरी वस्तू वाजलेली ऐकायची असते. फॅराडेला ते कळले असते.

आता ते काचेचे तुकडे. १८४५ मध्ये त्याने प्रकाश आणि चुंबक यांचा काही संबंध आहे का, हे शोधायला घेतले. ध्रुवीकृत प्रकाशाचा किरण वेगवेगळ्या पदार्थांतून सोडायचा, शेजारी शक्तिशाली विद्युतचुंबक चालू करायचा आणि फरक पडतो का ते पाहायचे. साधी काच, स्फटिक, हवा, एकामागून एक. काही नाही. १३ सप्टेंबरला त्याने पंधरा वर्षांपूर्वीची ती नापास झालेली जड काच मध्ये ठेवली आणि चुंबक चालू करताच अंधारात प्रकाश दिसला. किरणाची पातळी वळली होती. प्रकाश आणि चुंबकत्व यांच्यातील नात्याचा हा पहिला प्रायोगिक पुरावा, आणि तो दुर्बिणीला निरुपयोगी ठरलेल्या काचेने दिला. त्या पाच वर्षांच्या भट्टीचे फळ असे पंधरा वर्षांनी हाती आले.

पण सगळेच तुकडे असे कामाला येत नाहीत आणि हे सांगितले नाही तर मी तुमची फसवणूक करीन. १८४९ पासून गुरुत्वाकर्षण आणि वीज यांचे नाते शोधायला त्याने व्याख्यानगृहाच्या छतापासून तारेची वेटोळी खाली सोडून पाहिली. काही नाही. तरी त्याने ते अपयश निबंध म्हणून प्रसिद्ध केले आणि संबंध असावा हा आपला विश्वास मात्र ढळला नाही, असेही नोंदवले. दहा वर्षांनी उंच मनोऱ्यातून शिशाची वजने उतरवून पुन्हा पाहिले. पुन्हा काही नाही. तो निबंध छापू नये असा सल्ला मिळाला आणि त्याने तो मागे घेतला. ते नाते आजही कोणाला सापडलेले नाही.

गणिताला घाबरणाऱ्या आपल्या बाकासाठी एक दिलासा. फॅराडेला उच्च गणित येत नसे. चुंबकाभोवती लोखंडाचा कीस भुरभुरवला की दिसणाऱ्या रेषा, याच त्याच्या बलरेषा. गणितज्ञ त्यांना फारसे मानत नव्हते. मग जेम्स क्लार्क मॅक्सवेल या तरुणाने त्या रेषा गणितात मांडून दाखवल्या. गणितातून निघालेले निष्कर्ष साध्या भाषेतही सांगता येणार नाहीत का, असे फॅराडेने त्याला पत्रातून विचारले होते. चुकीचा प्रश्न विचारतो आहोत की काय, या भीतीने गणिताच्या तासाला गप्प बसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

साध्या भाषेत सांगण्याचे व्रत त्याने स्वतः पाळले. नाताळात मुलांसाठी व्याख्याने देण्याची प्रथा संस्थेत १८२५ मध्ये सुरू झाली आणि त्यांपैकी १९ मालिका त्याने दिल्या. १८६०-६१ ची शेवटची मालिका एका मेणबत्तीवर होती. मेणबत्ती विझवल्यावर जी धुराची रेघ वर जाते, तिला वरच्या टोकाशी पेटती काडी लावा. ज्योत रेघेवरून उडी मारून खाली वातीवर येते. नातवंडांना करून दाखवा. याच सभागृहात पुढे २९ जानेवारी १८९७ रोजी आपल्या जगदीशचंद्र बसूंनी विद्युतलहरींवर व्याख्यान दिले.

म्हातारपणी त्याला रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद देऊ केले गेले, ते त्याने नाकारले. दीपगृहांचा सल्लागार म्हणून मात्र तो सत्तरीपर्यंत हिंडत होता. १८६० च्या फेब्रुवारीत बर्फाने रस्ते बंद झाले असताना कुंपणे आणि भिंती ओलांडून तो दीपगृहातला विजेचा दिवा पाहायला गेला.

त्याचा शेवटचा प्रयोग १२ मार्च १८६२ चा. ज्योतीच्या प्रकाशाच्या वर्णपटातील रेषांवर चुंबकाचा परिणाम होतो का? यंत्रावर काहीच दिसले नाही. आयुष्याच्या प्रयोगवहीतली शेवटची नोंद ही अशी नकाराची. पण ती नोंद होती. मॅक्सवेलने फॅराडेच्या परिचयात तिचा उल्लेख केला, तो हॉलंडमधल्या पीटर झेमनने वाचला आणि १८९६ मध्ये अधिक चांगल्या उपकरणाने प्रयोग पुन्हा केला. रेषा रुंदावल्या. झेमनला १९०२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. फॅराडेला जाऊन तेव्हा पस्तीस वर्षे झाली होती.

शेवटची वर्षे विसरण्यात गेली. व्हिक्टोरिया राणीने १८५८ मध्ये हॅम्प्टन कोर्टला दिलेल्या घरात तो साराच्या आणि भाचीच्या आधाराने राहिला. अँडरसन १८६६ मध्ये गेला. २५ ऑगस्ट १८६७ रोजी फॅराडे आपल्या खुर्चीत बसल्या बसल्या गेला. हायगेटच्या दफनभूमीत त्याच्या दगडावर त्याचे नाव आणि दोन तारखा आहेत.

माझ्या वह्यांपुरते सांगतो. मी त्या रद्दीत देत नाही. रोज संध्याकाळी एक तास बसून प्रत्येक वहीतल्या न झालेल्या प्रयोगांची सूची करतो आहे : कोणता धातू, कोणता लेप, कोणते तापमान, काय झाले नाही. अकरा वह्या झाल्या. कोणी झेमन त्या उघडेल अशी आशा धरून बसलेलो नाही. पण जो कोणी त्याच धातूपाशी पोचेल त्याची दोन वर्षे तरी वाचावीत.

आणि आपल्या मेळाव्याच्या निधीविषयी. शाळेला काय द्यावे, यावर बोलणे चालू आहे. कमान, डिजिटल फळा, संगणक, अशी नावे ऐकली. माझी सूचना किरकोळ आहे. दोन मुलांमागे एक गॅल्व्हनोमीटर, एक पट्टीचुंबक आणि भरपूर तांब्याची तार द्यावी. कपाटाला कुलूप नसावे. फुटलेल्या आणि बिघडलेल्या सामानासाठी दरवर्षी ठरावीक रक्कम वेगळी ठेवावी, म्हणजे मुलांना हात लावायची भीती वाटणार नाही आणि शिक्षकांना हिशेबाची. सोबत प्रत्येक मुलाला एक वही द्यावी आणि जे झाले नाही तेही तिच्यात लिहायला सांगावे. माझा वाटा मी खजिनदारांकडे पाठवला आहे. तार किती लागेल याचा हिशेबही त्या पाकिटात आहे.